लाल दोऱ्याचा रस्ता

१

बायको बुरुलसुन वारली त्याच्या वर्षाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओरोझालीच्या लक्षात आलं, की भिंतीवरचा नकाशा जागेवर नाही.

चहाची वाटी घेऊन तो पाहुण्यांच्या खोलीत आला होता. रोज यायचा. नकाशासमोर उभं राहून पहिला घोट घ्यायचा. आज समोर नुसती भिंत होती. नकाशामागचा चुना मूळच्या रंगाचा राहिला होता आणि भोवतालची भिंत धुरानं पिवळी पडली होती, एवढंच.

नकाशा जुना होता, सोव्हिएत काळातला, टेबलावर पसरला तर टेबल दिसू नये एवढा. बुरुलसुननं तो मलमलीवर चिकटवला होता आणि त्यावर लाल दोऱ्यानं एक रस्ता शिवला होता. हिवाळ्यात काम संपलं की ती नकाशा मांडीवर घ्यायची, चार टाके घालायची, दोन उसवायची. "इथं दरड येते," म्हणायची. "इथून न जाता असं जाऊ." अट-बाशीत तिच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती रस्त्यांची खबर विचारायची.

"एका उन्हाळ्यात दोघं जाऊ," ती म्हणायची.

"पुढच्या," ओरोझाली म्हणायचा.

तो वाहतूक पोलिसात इन्स्पेक्टर होता. जन्म रस्त्यावर गेला, पण सगळा एकाच नाक्यावर उभा राहून. निवृत्त झाला तेव्हा छप्पर करायचं होतं, मग गाय व्याली, मग तलासला भावाच्या घराच्या भिंती उभ्या करायच्या होत्या. गेल्या हिवाळ्यात बुरुलसुनच गेली.

काल जेवणाला सगळं गाव आलं होतं. मुल्लांनी कुराण वाचलं, घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली: आजोबा, वडील ताश्तान, मग बुरुलसुन. नंतर ओरोझाली उभा राहिला आणि कधी नव्हे ते सगळ्यांसमोर बोलला. "परवा गाडी काढतोय. तिनं शिवलेला रस्ता मी पुरा करणार." लोकांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. ओमीन, म्हणजे तथास्तु, म्हणून झालं. बोललेलं आता मागे घेता येणार नव्हतं.

आणि आज नकाशा नाही.

खरी लाज वेगळीच होती. तो रस्ता नक्की कुठून कुठे जातो हे ओरोझालीला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता, आणि त्याला आठवत होता फक्त लाल रंग.

त्यानं मेहुणीला हाक मारली. कनिशाई, बुरुलसुनची धाकटी बहीण, जेवणाच्या कामासाठी नारिनहून आली होती. ती हात पुसत आली.

"काय हो दाजी, चहात मीठ कमी पडलं का?"

"नकाशा कुठंय?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "अगंबाई."

"इथं कोण आलं होतं?"

"कोण नाही आलं ते विचारा. काल एवढं माणूस! आपा असती तर म्हणाली असती, कठीण फेकला तरी जमिनीवर पडायचा नाही."

ओरोझालीला हसू आलं. बुरुलसुन सासरी आल्यापासून दगडाला कधी दगड म्हणाली नाही. सासऱ्याचं नाव ताश्तान, आणि ताश म्हणजे दगड. सासऱ्याच्या नावाचा शब्द सून कसा उच्चारणार? म्हणून तिच्या तोंडी दगड म्हणजे 'कठीण'. कठिणावर मीठ वाट, मुतखड्याला पोटातला कठीण. माहेरची माणसं तिची थट्टा करायची. तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यानं इन्स्पेक्टरच्या सवयीनं खोली पाहिली. नकाशाखाली पेटी, पेटीवर गाद्या-रजयांची चळत. नकाशापर्यंत हात पोचायचा तर चळत उतरवायला हवी. म्हणजे कुणीतरी उतरवली आणि परत रचली, सगळ्या घड्या खोलीकडे, उघड्या कडा भिंतीकडे, अगदी रीतीप्रमाणे. नकाशाच्या टाचण्यासुद्धा बशीत गोळा करून ठेवलेल्या.

हा कसला चोर, जो टाचण्या सांडू देत नाही?

मग तो पेटीवर गुडघा टेकून भिंतीजवळ गेला. जिथं नकाशाचे कोपरे होते तिथं चुन्यात टाचणीची भोकं होती. प्रत्येक कोपऱ्यात एक असायला हवं होतं. प्रत्येक कोपऱ्यात दोन होती, शेजारी शेजारी.

नकाशा ह्याआधीही एकदा कुणीतरी काढला होता. आणि परत लावला होता.

२

अंगणात आरडाओरडा चालू होता. ओरोझालीच्या बहिणीचा मुलगा नुरदौलत एका परदेशी माणसाची सायकल धरून उभा होता. मारेक नावाचा हा पोलंडचा सायकलवाला, रात्री मुक्कामाला होता. त्याच्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या केलेल्या. मोजे, डबा, तंबूच्या काठ्या, आणि मारेकचा लालबुंद चेहरा.

"मामा, ह्यानंच नेला असणार! जुन्या नकाशांपायी वेडे झालेले लोक असतात ह्यांच्याकडे. आणि बघा ना, सकाळी सकाळी पळतोय!"

"घाट चढायचा असेल तर सकाळीच निघतात, शहाण्या." ओरोझाली मारेक झोपला होता त्या खोलीत डोकावला. बिचाऱ्यानं आपलं अंथरूण स्वतः आवरून ठेवलं होतं, पण घड्या भिंतीकडे आणि सगळ्या कडा तोंड वासून खोलीकडे. "सोड त्याला. ज्यानं नकाशा काढला त्याला गाद्या रचता येतात. ह्याच्या आईनं ह्याला शिकवलेलं नाही."

मारेकला काही कळलं नाही. ओरोझालीनं त्याच्या डब्यात मूठभर बोरसोक, पिठाचे तळलेले तुकडे, कोंबले, खांद्यावर थाप मारली आणि वाटेला लावलं.

"मग उरलं कोण?" कनिशाई दारातून म्हणाली. "म्हणतातच ना, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे."

नुरदौलत उसळला. "मावशी, मी काय केलं?"

"काय केलं? घोड्याचं खोगीर कुणी नेलं? चहाचा समोवार कुणी नेला?"

"हक्कानं नेला! मामाच्या घरातलं भाच्यानं उचललं तर त्याला कोण चोरी म्हणतं? नकाशा हवा असता तर सगळ्या गावासमोर काखेत मारून नेला असता. रात्री गुपचूप कशाला काढू?"

ओरोझालीला ते पटलं. नुरदौलतला गुपचूप काही करता येत नव्हतं. तो जेवायचासुद्धा आवाज करत. नारिनला त्याचा पाहुण्यांना गाड्या भाड्यानं देण्याचा धंदा होता. गाडीबरोबर तो रस्ता दाखवणारं यंत्र द्यायचा.

"पण तुला तो हवा होता," ओरोझाली म्हणाला.

"हवा होता, खोटं कशाला बोलू? मामीला ठाऊक असलेले रस्ते कुठल्याच यंत्रात नाहीत. वाहून गेलेल्या पुलावरूनसुद्धा यंत्र म्हणतं, सरळ जा. मी म्हटलं, मामी, फोटो काढू दे. तर म्हणाली, आधी ह्यांना दाखवून होऊ दे, मग तुला." तो थांबला. "तुम्ही फोटो काढला नव्हता?"

"भिंतीवर होता. भिंतीवरच्या वस्तूचा फोटो कोण काढतो?"

नुरदौलतनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाला, "मामा, माझं एक तसलं हातयंत्र मामीकडे होतं. मीच दिलं होतं. म्हटलं, ड्रायव्हर लोक सांगतील तिथं खूण करून नाव टाकत जा. चांगलं शिकली होती ती. ते शोधा. त्यावरून जाता येईल."

पेटी उघडायला नुरदौलत चळतीतली वरची गादी ओढायला गेला तर कनिशाई ओरडली, "वरची नको, ती आपाची," आणि चळत तिनंच उतरवली. यंत्र बुरुलसुनच्या पेटीत सापडलं, तिच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं. नुरदौलतनं नवे सेल घातले. काच उजळली. तो ते ओरोझालीला शिकवायला लागला आणि मध्येच त्यानं काच डोळ्यांजवळ नेली.

"मामा," तो म्हणाला, "ह्यात आधीच एक रस्ता आहे."

३

"नुसती खूण नाही," नुरदौलत म्हणाला. "ही बारीक रेघ दिसते का? यंत्र चालू ठेवून खरोखर कुणी गेलं तरच ही उमटते. मामीनं घरात बसून बटणं दाबली असती तर नुसते ठिपके आले असते."

"कुणाकडे दिलं होतंस?"

"मामीकडे. नंतर मी विसरूनच गेलो."

ओरोझालीनं चष्मा लावला. काचेवर गोगलगायीनं काढावी तशी रेघ होती. नुरदौलत बोटानं ती सरकवत नावं वाचत गेला. ठिकठिकाणी कुणीतरी खूण करून नाव टाकलं होतं.

"सोन-कुल. बरं. मग बायेतोव. मग हे काय? कठीण-रबात." तो हसला. "असलं काही गाव नाही. चुकीचं बटण दाबलं असेल कुणीतरी. मग अक-सायचा नाका. तिथं रेघ संपते. म्हणजे संपत नाही, नाक्यावरून मागे फिरते."

"हा रस्ता यंत्रानं दाखवलेला?"

"छे! हेच तर गमतीचं आहे. बघा, प्रत्येक फाट्यावर यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे गाडी थोडी जाते, थांबते, मागे येते आणि दुसरीच वाट धरते. जाणाऱ्याचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्याच्याकडे आणखी काहीतरी होतं."

"नकाशा," ओरोझाली म्हणाला.

चुन्यातलं दुसरं भोक त्याच्या डोळ्यांसमोर आलं. कुणीतरी बुरुलसुनचा नकाशा भिंतीवरून काढला, तिचं यंत्र घेतलं आणि तिचा रस्ता फिरून आलं. तिच्या नाकावर टिच्चून. मग नकाशा परत लावला, जसं काही झालंच नाही. आणि आता ओरोझाली त्याच वाटेनं जाणार म्हटल्यावर कुणाला तरी भीती वाटली.

"ही रेघ सुरू कुठून होते?"

नुरदौलतनं बोटानं काच ओढली. रेघ अट-बाशीत आली, नदी ओलांडली, त्यांच्या गल्लीत शिरली. तिथं त्याचं बोट थांबलं.

"अरे, सांग ना."

"आपल्या घरापासून नाही, मामा. शेजारून. सातारच्या फाटकातून."

४

सातारशी ओरोझाली बोलत नव्हता. सातारच्या ट्रकचं लायसन्स त्यानं एकदा जप्त केलं होतं, तेव्हापासून कुंपणापलीकडून कोंबडी आली तरी दोघं पोरांकरवी परत पाठवायचे. ट्रक गेला, सातारकडे आता एक रशियन जीप होती आणि तिच्या बॉनेटखाली त्याचं अर्धं आयुष्य जायचं. काल तो जेवणाला आला होता, कोपऱ्यात बसून उठून गेला होता. मयताच्या जेवणाला वैरीही येतो.

आत्ताही तो जीपखालीच होता. ओरोझालीचे बूट दिसताच म्हणाला, "कागदपत्रं घरात आहेत, साहेब. गाड्या थांबवायचा दांडा आणलाय का?"

"बाहेर ये."

सातार बाहेर आला, हात पुसले, आणि घरात जाऊन रोटी घेऊन आला. दारात आलेल्याला, वैरी असला तरी, रोटी मोडल्याशिवाय उभं ठेवत नाहीत. ओरोझालीनं तुकडा तोंडात टाकला. त्याला चव लागली नाही.

"माझ्या घरातला नकाशा गेलाय."

"ऐकलं. तुझा भाचा सगळ्या गल्लीला ऐकवतोय."

"तू नेलास?"

सातारनं रोटीवर हात ठेवला. "खोटं बोललो तर ही रोटी मला बाधो. काल मी तुझ्या नकाशाला हात लावला नाही. कुणी लावला ते पाहिलं नाही."

रोटीवर खोटी शपथ सातारसुद्धा घेणार नाही, हे ओरोझाली जाणून होता. पण इन्स्पेक्टर होता तो. माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय गाळतो हे त्याला आधी ऐकू यायचं. 'काल', सातार म्हणाला होता.

"मागच्या वर्षी, शरदात," ओरोझाली म्हणाला, "मी तलासला भावाकडे होतो. तेव्हा तुझी गाडी कुठे गेली होती?"

सातारनं रोटीवरून हात उचलला.

कुंपणावर कोंबडी येऊन बसली; ती कुणाची हे कुणी विचारलं नाही.

"सोन-कुलला," सातार शेवटी म्हणाला. "अक-सायच्या नाक्यापर्यंत."

"गाडीत कोण होतं?"

"ते मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय."

"माझ्या बायकोचा नकाशा चोरून, तिचं यंत्र चोरून..."

"चोरून?" सातारचा आवाज चढला. "तू नाक्यावर उभा राहून सगळ्या जगाच्या गाड्या थांबवल्यास, ओरोझाली. घरातली कधी सुटलीच नाही, ते पाहिलं नाहीस. जा. यंत्र तुझ्याकडे आहे ना? वाचता येतं ना? मग नीट वाच."

ओरोझाली ताडताड निघाला. रागानं त्याला समोरचं दिसत नव्हतं. स्वतःच्याच फाटकात तो ठेचकाळला. पायरीशी तो मिठाचा दगड होता, ज्यावर बुरुलसुन गायीसाठी मीठ फोडायची. "अहो, बघून चाला," ती आतून ओरडायची, "कठीण आहे तिथं!"

तो तिथंच पायरीवर बसला.

कठीण-रबात नावाचं गाव नाही. पण ताश-रबात आहे. डोंगरातली ती जुनी दगडी सराई शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तिला ताश-रबात न म्हणणारं माणूस सगळ्या मुलखात एकच होतं.

५

गुरुवार होता, गेलेल्यांसाठी तळण काढायचा दिवस. कनिशाई कढईत बोरसोक तळत होती. तापल्या तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात. ओरोझाली स्वयंपाकघरात येऊन खाली बसला.

"मागच्या शरदात मी तलासहून आलो," तो म्हणाला, "तेव्हा बुरुलसुन म्हणाली, कनिशाईकडे नारिनला होते, दोघींनी लोकरीचा नमदा केला, अंथरायला."

"केला की. हात सोलून निघाले."

"कुठंय तो?"

कनिशाईचा झारा थांबला.

"इतकी वर्षं तिनं केलेला प्रत्येक नमदा ह्या घरात अंथरलाय. तो एकच कुठंय?"

"विकला," ती म्हणाली.

"भिंतीत टाचणीची दोन-दोन भोकं आहेत. मी तलासला असताना नकाशा निघाला आणि मी यायच्या आत परत लागला. म्हणजे घरातल्या माणसानं काढला. यंत्रात रस्ता उमटलाय, आणि फाट्याफाट्यावर गाडी यंत्राचं न ऐकता वळलीय. म्हणजे नकाशा गाडीत होता. गाडी सातारची. आणि ताश-रबातला यंत्रात नाव टाकलंय, कठीण-रबात." त्यानं कढईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू ह्या घरची सून नाहीस, कनिशाई. तू ताश म्हणतेस. सातारही म्हणतो. ते बटण तिनं दाबलं. ती स्वतः तिथं होती."

कनिशाईनं झारा खाली ठेवला.

"सातारबरोबर ती एकटी गेली नसती. शेजाऱ्याच्या गाडीत एकटी बाई गेली की गाव काय बोलतं, ते तिला माहीत होतं. तू बरोबर होतीस. आणि काल मी उभा राहून बोललो तेव्हा भीती वाटली ती तुलाच. नकाशा तू काढलास. तुझी पिशवी एवढीशी, आणि आपाचा नकाशा तू घडी घालून चुरगळणार नाहीस. तो घराबाहेर गेलेलाच नाही. आज सकाळी नुरदौलत गादी ओढायला गेला तर तू ओरडलीस, वरची नको, ती आपाची. आपाची गादी तर आपण ती गेली तेव्हाच देऊन टाकली होती."

"दाजी," कनिशाई म्हणाली, "तुम्हाला घरात असं बघता येत होतं, तर आधी का नाही बघितलंत?"



ती पाहुण्यांच्या खोलीत गेली, चळतीतली वरची गादी उतरवली आणि कात्रीनं शिवण उसवायला बसली. उसवता उसवता बोलत राहिली, त्याच्याकडे न बघता.

"डॉक्टरनं आपाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. मला म्हणाली, त्यांना कळलं तर ते घाबरून तलासला जायचे नाहीत, भावाच्या भिंती राहून जातील. मग म्हणाली, मला फक्त बघून यायचंय. सातारभाऊंना तिनंच विचारलं. ते म्हणाले, वहिनी, पेट्रोलचं नाव काढलंत तर गाडीतून उतरवीन."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, बरी हो, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ." कनिशाईनं डोळे पुसले. "तुम्ही चिडू नका. ती चिडलेली नव्हती. सोन-कुलला इतकी हसली! वाऱ्यानं तिचा रुमाल उडाला तर सातारभाऊ पाण्यात धावले, बुटासकट. ताश-रबातला ती आत जाऊन कितीतरी वेळ नुसती बसली. यंत्र काढून म्हणाली, नुरदौलतला नाव टाकून देते. मी म्हटलं, आपा, इथं सासरचं कोण ऐकतंय? ताश म्हण की. तर म्हणाली, सवय आहे गं, असू दे."

"आणि अक-साय? पास मिळाला नाही?"

अक-साय सरहद्दीचा मुलूख. पासाशिवाय नाक्यापलीकडे सोडत नाहीत. बुरुलसुन तिथं जन्मली होती, मेंढपाळांच्या हिवाळी झोपडीत, आणि लहानपणी सोडल्यापासून परत गेली नव्हती. ओरोझाली वर्दीत असताना त्याला तो पास एका शब्दावर मिळाला असता. त्यानं तो शब्द टाकला नव्हता.

"पास होता," कनिशाई म्हणाली. "तिघांचा. शिपायानं दांडा वर उचललासुद्धा. सातारभाऊंनी गिअर टाकला. आणि आपा म्हणाली, फिरवा गाडी."

"का?"

"आम्हीही तेच विचारलं. म्हणाली, हे राहू दे. सगळंच मी बघून घेतलं तर ते मला काय दाखवतील?"

६

कनिशाईनं गादीतून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. नुरदौलत दारात येऊन उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज येत नव्हता.

ओरोझाली गुडघ्यांवर वाकला. त्यानं पहिल्यांदाच तो दोरा सुरुवातीपासून पाहिला. अट-बाशीतून निघून वर, तळ्याच्या काठानं, मग खाली बायेतोवला, मग डोंगरातून ताश-रबात. पोचलेल्या प्रत्येक ठिकाणी तिनं गाठ मारली होती, शिवण पुरी झाल्यावर मारतात तशी. ह्या गाठी पाहिल्या असत्या तर शिवण जाणणाऱ्या कुणाही बाईला कळलं असतं, की हा रस्ता झालेला आहे. ओरोझालीला मात्र कधी कळलं नसतं. कनिशाई उगाच घाबरली.

अक-सायच्या नाक्याशी टाके संपत होते. तिथं गाठ नव्हती. दोरा मोकळा लोंबत होता, आणि टोकाला सुई, कापडात टोचून ठेवलेली.

"ती म्हणाली होती," कनिशाई म्हणाली, "ते आपणहून उठले नाहीत तर कधीच सांगू नकोस, उगाच जिवाला लागेल. आणि उठले तर सांग. काल तुम्ही उठलात, दाजी. पण सगळ्यांसमोर म्हणालात, तिचा रस्ता मी पुरा करणार. तो ती आधीच फिरून आली होती, हे सांगायचा माझा धीरच झाला नाही. म्हटलं, नकाशाच नसला तर जाणार नाहीत, आणि कळणारही नाही. चुकलं माझं."

"चुकलं तर खरं," ओरोझाली म्हणाला. मग म्हणाला, "बोरसोक जळाले बघ."

दुपारी तो रोटी घेऊन सातारकडे गेला. सातार जीपखालीच होता.

"पासाला किती दिवस लागतात?" ओरोझालीनं विचारलं.

"इन्स्पेक्टरला? का साध्या माणसाला?"

"साध्या."

जीपखालून पान्याचा आवाज आला. "अक-सायच्या घाटात काल रात्री बर्फ पडलंय," सातार म्हणाला. "पास मिळेल. रस्ता मिळणार नाही. तुझ्या भाच्याचं यंत्र म्हणेल, जा. ऐकू नकोस."

"मग?"

"मग काय, उन्हाळ्यात."

पुढचा उन्हाळा. ओरोझालीनं तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला आणि तो तिथंच कुंपणाला धरून उभा राहिला. सातार जीपखालून बाहेर आला, त्याच्याकडे न बघता शेजारी उभा राहिला आणि रोटी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

नुरदौलतनं जाण्याआधी नकाशाचा फोटो काढला. ओरोझालीनं काढू दिला. वाहून गेलेले पूल, दरडीच्या जागा, बुरुलसुननं टाळलेल्या सगळ्या वाटा आता त्याच्या यंत्रात आहेत, आणि त्याच्या भाड्याच्या गाड्या तिथून सुखरूप वळतात.

नकाशा परत भिंतीवर आहे, जुन्याच भोकांत. पास कपाटात आहे. त्यावर ओरोझालीचं नाव आहे आणि सातारचं. घाट अजून बंद आहे. सुई नाक्याशी टोचलेली आहे, आणि अक-सायपर्यंतचे टाके घालायचे राहिले आहेत.